हंड्यावरचं नाव

लासुर्ण्याच्या सरुबाईला तांब्याचा हंडा फुकटात पडणार होता. खर्च काय तो नाव पुसायच्या मजुरीचा. बारामतीच्या बाजारात तांबटापुढं मी तिच्या मागंच उभा होतो.

“तात्या, ह्याच्यावरचं नाव घासून काढा. थोरल्या जावंचं हाय. महिना झाला तिला जाऊन.”

“वाटणीत आला व्हय?”

“आलाच म्हना की.”

“पण हितं जावंचं नाव कुठं हाय? ‘छबूस, चुलतीकडून.’ छबू कोण?”

“माझी लेक.”

“मग तिचाच की ह्यो! दिवाळीत मीच कोरलंय. पोरीच्या लग्नात द्यायचाय म्हनल्या हुत्या. तुमाला वाचता येत न्हाय व्हय?”

“न्हाय.”

“आता उजळ माथ्यानं न्या घरी. पुसायचं कशाला?”

“कशी नेऊ, तात्या? वाटणीला हंडा सापडंना, तवा मीच सगळ्यांम्होरं म्हनले, थोरलीनं गुपचूप माहेरी धाडला.”

“आन् हुता कुठं?”

“माझ्या कणगीत. दाण्याखाली.”

“मग, बाई? काय करू?”

“पुसा. आन् जरा हळू बोला.”

कोरायची मजुरी थोरलीनं दिली होती. पुसायची सरुबाईनं दिली. आळ तेवढा थोरलीच्याच नावावर राहिला.