टोपलीच्या तळाशी

भाऊसाहेब, भरवसा माल आणणाऱ्यावर ठेवावा, की मालात खोल घातलेल्या आपल्या हातावर? कापूस विकत घेताना मी हातावरच ठेवत आलो. अमेरिकेत लढाई लागली, आपल्या कापसाचं सोनं झालं, तेव्हापासून बोज्यात वर कापूस आणि खाली दगड हे अकोल्याच्या बाजारात रोजचंच झालंय.

गेल्या माघात पातूरच्या डोंगराकडे रानबोरं खायला म्हणून हिंडत गेलो. झुडपं सगळी ओरबाडलेली. एक बाई टोपली घेऊन उतरत होती, हातात चांदीचे नवे गोट. म्हटलं, "बाई, मूठभर बोरं दे, पैसे देतो." आणि सवयीनं हात थेट तळाशी घातला. वर बोरं, खाली नुसत्या बिया.

मी हसलो. "आता बोरातही भेसळ का?"

"इकाले नाही नेत, सावजी. झुडपाखालच्या बिया बी येचल्या. फोडून आतला मगज पोरायले देईन."

"अन् ज्वारी?"

"वावरात सारा कापूसच पेरला. तुमीच गावात येऊन म्हनलं होतं ना, कापूस पेरा, घरात चांदी येईन. आली." तिनं एक गोट काढून माझ्यापुढं धरला. "हे घ्या, पायलीभर जवारी द्या."

माझी वखार आढ्यापर्यंत भरलेली होती, पण सगळी कापसानं. ज्वारी मलाच कुठं मिळत नव्हती. मी नकारार्थी मान हलवली.

"मंग आमची बोरं कावून मांगता?" म्हणाली आणि निघून गेली.

भाऊसाहेब, माझ्यामागं पेढी तुम्हीच पाहाल. त्या सालचा नफा मांडाल तेव्हा ती टोपलीही मांडा. हिशेब तेवढा खरा ठेवा.