गवती चहाचा जुना डबा

माहेर माहं वरोऱ्याकडचं. आवारात तुळस, पुदिना, गवती चहा, सारं राहे, माय ते आंगनात चटईवर टाके आन् वाळलं का डब्यात भरे. लगन होऊन मी इथी ऊर्जानगरच्या क्वार्टरात आली, यायची नोकरी पावर हाऊसमधली. पयल्याच साली मी हौसेनं गच्चीवर पुदिना वाळू घातला, आन् काय सांगू तुमाले, ताई, संध्याकाळी पाह्यतो तं पानं दिसेच ना, पावर हाऊसच्या धुराड्याची राखच राख. हे हासून म्हने, आता राखेची चटनी चारतं का मले.

तवापासून गच्ची सोडली. पान धुवाचं, निथळू द्याचं, मांगच्या आंगनात भिताडाले लागून बाज टाकाची, तिच्यावर पसरवाचं आन् वरून सुती लुगडं झाकाचं. वारा लागते, राख लागत नाई. पान बोटात चुरलं का कडकड वाजलं पायजे, नाई तं डब्यात बुरशी धरते. आन् घरात एकच कायदा, जुना डबा सरल्याबिगर नवा उघडाचा नाई.

आमची प्रज्ञा, एकुलती एक लेक, तिले हा कायदा कधी पटलाच नाई. नवा डबा दिसला का खुशाल उघडे, जुन्याचा वास गेला म्हने. किती बोलली असन मी तिले! आता ती भामरागडले नर्स हाय. पानी लागला का तिकडं पूल बुडते, रस्ता बंद, फोनबी बंद. म्हनून त्याच्या आंधी ती येते आन् पावसाळ्याचा गवती चहा घेऊन जाते.

औंदाबी घेऊन गेली. मंग शेजारच्या बाईनं कुंपनावरून सहज इचारलं, तुमच्याकडंबी मारली का हो उधईची, वाळवीची दवा? मी म्हनलं, कधी? अवं, तुमी वरोऱ्याले गेलत्या ना तवा, साऱ्या लाइनीच्या मांगच्या भिताडाईले मारली.  तवा बाजीवर प्रज्ञाचाच चहा वाळून राह्यला होता. राखेपासून वाचवाले भिताडाशी ठेवला आन् तेच नडलं.

यायले इचारलं. हो, आलते पोरं, मीच फाटक उघडलं, म्हने. आन् बाज? बाजीचं काय, लुगडं झाकलं होतं ना. अवं बाप्पा, लुगड्यातून पानी गळते तं दवा नाई गळनार का? सांगाचं तरी होतं! यायचं तोंड एवढंसं झालं.

फोन लावला, लागे ना. पुन्हा लावला, लागे ना. हे स्टँडवर जाऊन आले, तं गाडी आलापल्लीच्या पुढं जाऊनच नाई राह्यली म्हने.  एकच डोक्यात, पोरगी दमून येईन, माह्या हातचा समजून पेईन.

आन् एका दुपारी फोन वाजला. प्रज्ञा! मी कशी हाय नाई, काय नाई, सीधं इचारलं, नवा डबा उघडला का तू? तं ती चिडली ना! माय, इतक्या दिसानं फोन लागला, मी जिती हाय का मेली ते तं इचार! मी म्हनलं, तेच इचारून राह्यली न व, उघडला का? नाई उघडला, म्हने, जुनाच सरला नाई. मी म्हनलं, तुहा? आन् जुना सरला नाई?  तं ती म्हने, रोज नाई पेत मी, घरची लय याद आली तं दोनच पानं टाकतो. सरला तं इथी काय करू?

मी रडलीबी आन् हासलीबी. हे बाजूले, काय झालं, काय झालं. मी म्हनलं, तुमची लेक कंजूस निघाली, लय चांगलं झालं.

दवाचं सांगितलं तं नवा डबा तिनं खड्ड्यात गाडला. आता पाहा, दुसरा चहा वाळून राह्यला, बाज घरात, पंख्याखाली, आन् हे खाली चटईवर झोपतेत. मी तिले म्हनलं, बाई, माहा कायदा मोडला समज, जुना टाकून दे, नवा रोज पे, सरला तं आनखी हाय. तं म्हने, नाई व माय, कायदा म्हंजे कायदा. आता बोला! राहो बाप्पा, माही पोरगी सुखात राहो.