एक चमचा साखरेसाठी

आता तुम्हीच सांगा, थोड्या दिवसांपूर्वीची गोष्ट, बनियन पिळलं तर बादली भरेल असा घाम आलाय, गुडघे कुरकुरताहेत, भिंतीवरचं एक कॅलेंडर मला दोन दिसतंय, आणि मनगटावरचं ते चिमुरडं घड्याळ काय म्हणतं? ‘तुम्ही बराच वेळ बसून आहात. जरा उठा.’ उठा? अरे, उड्या मारून मारून मी आत्ता तर पडलो!

तुम्हाला सांगतो, हे सगळं चहातल्या साखरेपायी. मी शिंपी माणूस. उभा जन्म स्टुलावर बसून लोकांच्या कमरा मोजल्या, स्वतःची मोजायची राहिली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून नुसतं ‘हं’ केलं. पण आमची लेक पडली नर्स, म्हणजे डॉक्टरपेक्षा कडक! तिने साखरेचा डबा कपाटात कोंडला, किल्ली तिच्या आईकडे दिली आणि माझ्या हाताला ते घड्याळ बांधलं. म्हणाली, हिट वर्कआउट करायचा. वीस सेकंद जीव खाऊन उड्या, दहा सेकंद थांबायचं, परत उड्या. घड्याळाने नोंद केली की तिच्या फोनवर दिसेल, त्या दिवशी चहात एक चमचा. “आणि बाबा, नोंद नाही म्हणजे केलंच नाही.”

मारल्या हो उड्या! दुकानामागच्या खोलीत, दार लावून, कापडाच्या ताग्यांमध्ये. पण या घड्याळाचं डोकं उशिरा चालतं. मी उडतो तेव्हा त्याला नाडीच सापडत नाही, म्हणतं, ‘विश्रांती.’ मी आडवा पडून छताला हात जोडतो तेव्हा सापडते, मग म्हणतं, ‘विश्रांतीत ठोके फार आहेत, तब्येत दाखवा.’ की लगेच लेकीचा फोन, आज काहीच केलं नाहीत का? अगं, मरता मरता वाचलो! पण छे... नोंद नाही.

फिका चहा कधी प्यायलाय तुम्ही? गरम पाण्याला आलेली उदासी असते ती.

माणसाने सहन तरी किती करायचं? ही, म्हणजे आमची बायको, रोज ओल्या कपड्यांची बादली घेऊन चार मजले चढून गच्चीवर जाते. लिफ्ट नाहीच. म्हटलं, जाताना हे एवढं मनगटावर घाल, पट्ट्याने मला पुरळ आलंय. बिचारीने घातलं. मजला चढली, कठड्याला टेकून दम खाल्ला, परत मजला चढली... अगदी हिट! खाली आली तर घड्याळ आनंदाने थरथरतंय, ‘शाब्बास! चार मजले! तीव्र व्यायाम पूर्ण!’ लेकीचा फोन आला, किल्ली फिरली, डबा उघडला, कप ओठांशी नेला, डोळे मिटले... आणि लेक दारात उभी. कौतुक करायला आली होती हो!

“बाबा, चार मजले चढलात? तुम्ही?”

“हे?” ही म्हणाली. “हे स्टुलावरून उठले नाहीत. वर मी गेले होते.”

ती माझ्यावर ओरडली असती तर परवडलं असतं. ती आईचं मनगट धरून बसली, ठोके मोजत, बराच वेळ. म्हणाली, “आई, छाती एवढी धडधडते आणि तू कधी बोलली नाहीस?” तर ही म्हणते, “त्यात काय बोलायचं? कपडे वाळायला तर हवेत.”

तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं ती बादली वर गेली आणि घरात कुणाकडेच नोंद नाही. माझ्याकडेसुद्धा नाही. लाज वाटली हो. कप खाली ठेवला.

तेव्हापासून बादली मी नेतो. मजला चढतो, कठड्याला टेकतो, डोळ्यांपुढे काजवे बघतो, परत चढतो. पण घड्याळ? ते आता हिच्या मनगटावर, लेकीचा हुकूम! हिला जिना बंद. ही खुर्चीत बसते आणि घड्याळ म्हणतं, ‘शाब्बास, ठोके उत्तम.’ आणि चहात एक चमचा हिला!

काल उतरलो, जीभ बाहेर, म्हटलं, अगं, आज तरी अर्धा चमचा... तिने मनगटाकडे पाहिलं, शांतपणे एक घोट घेतला.

“अहो, नोंद नाही,” म्हणाली. “आणि चिमटे लावलेत ना कपड्यांना?”

लावले नव्हते. मग काय, गेलो परत वर.