जाहीर आभाराचा फ्लेक्स

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले नगरसेवक आदरणीय नानासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आणि पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या आयाबहिणींनो, भावांनो,

शालनबाई उद्या ताथवड्याला लेकीकडे राहायला जातायत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या मंडपाच्या जागी ज्वारी होती. इथल्याच गटाराच्या उघड्या चेंबरमध्ये पडून त्यांचा पाय मोडला. आता या रस्त्याने चालायची त्यांना धास्ती वाटते. म्हणून हा निरोप.

नानासाहेब, झाकणासाठी आम्ही तुमच्याकडे किती खेपा घातल्या, ते आज उगाळत नाही. शेवटी शालनबाईच म्हणाल्या, "जयमाला, आमच्या येळंला पारावर नाव निघालं, तर मानूस मागल्या दारानं जायचा. ह्याचं नाव चौकात काढू."

आता पार कुठला? आपल्याकडे फ्लेक्स. चेंबरशेजारीच लावला: 'उघड्या चेंबरबद्दल नानासाहेबांचे जाहीर आभार.' वर तुमचा हसरा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून प्लास्टरमधल्या शालनबाई.

तुम्हाला शरम वाटेल, ही आमची भाबडी समजूत. संध्याकाळी कार्यकर्त्यांनी फ्लेक्सला हार घातला. त्यांच्यातल्या विक्कीने फटाके लावले. मग तुमचा फोन, "ताई, फोटो जुना टाकलाय राव. नवा पाठवतो."

"नानासाहेब, मजकूर वाचलात का?"

"वाचायचंय काय त्यात? आभारच आहेत ना!"

हे ऐकून शालनबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पाणी खरं होतं. हसू आमच्यासाठी होतं.

लाज संपली, असं मी म्हणणार नाही. "माझंच ध्यान नव्हतं," असं भेटेल त्याला सांगत कोण फिरलं? पडल्या त्याच, आणि ओशाळल्याही त्याच. लाज आहे हो, फक्त पत्ता चुकलाय.

मघाशी तुम्ही विचारलंत, सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी का? सांगते. फोटो चांगले यावेत म्हणून तुमच्या कार्यकर्त्यांनी सकाळी रस्ताभर लाल गालिचा अंथरला. चेंबरवरूनही. आम्ही ओरडलो, कुणी ऐकलं नाही. म्हणून शालनबाई त्या जागेला खेटून, काठी आडवी धरून बसल्यायत. "कुनाचं पोर पडंल," म्हणाल्या, "सत्कार काय, हितं बी व्हईल."

तेव्हा शाल-श्रीफळ घेऊन आपल्यालाच त्यांच्यापर्यंत चालत जावं लागेल. त्या सांगतील तिथेच पाऊल टाका.

आपण सगळे आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घ्या. चला नानासाहेब, त्या केव्हाच्या वाट बघतायत.