दिगंबरचं सुतक आणि बारसं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, सूर तेवढा धरून राहा. आज मला तुम्हाला एकच विचारायचंय — मेलेलं माणूस परत येतं का हो? काय? नाही? त्या खांबाशी बसलेल्या वहिनी हसतायत बघा! त्यांना ठाऊक आहे. रोज संध्याकाळी येतं! जाहिराती संपल्या की येतं!

तर ऐका. राजापुरात एक हेमलताबाई होत्या. बाई सुगरण, देवाधर्माची. पण रात्रीचे आठ वाजले की संपलं! ‘दारी आला चंद्र’ सुरू! मालिकेतली नायिका वैदेही, तिचा नवरा दिगंबर. आणि बाईंची नजर काय सांगू! "अहो, काल जिना चढताना हिची टिकली चंद्रकोर होती, आज उतरताना गोल कशी?" असं नवऱ्याला विचारायच्या. नवरा अरविंदराव, गरीब माणूस. पोळी चावत म्हणाले, "जिन्यात बदलली असेल." झालं! दोन दिवस अबोला!

आता गंमत ऐका. ह्या घरात एक माणूस मेलेलं होतं. म्हणजे — जिवंत होतं, पण मेलेलं! घाबरू नका, सांगतो. अरविंदरावांचा धाकटा भाऊ मुकुंद. बिनलग्नाचा, ह्यांच्याकडेच राहायचा. पुतणी शर्वरी, तिला ह्यानेच खांद्यावर घेऊन वाढवलेली. एकदा मालिकेत वैदेहीचं लग्न. अंतरपाट धरलेला! आणि मुकुंदाने लावलं क्रिकेट. "वहिनी, दोनच चेंडू!" त्या दोन चेंडूंत तिकडे अंतरपाट दूर झाला, हार पडले, अक्षता उडाल्या! हेमलताबाई ताडकन उठल्या. "भाऊजी, आजपासून तुम्ही आम्हाला मेलात!"

मुकुंदाने पिशवी भरली आणि रस्त्यापलीकडे खोली घेतली. रोज समोरून जायचा. कुणी म्हणालं, "अहो, दीर चाललेत तुमचे," तर बाई म्हणायच्या, "कोण? मी नाही ओळखत." अशी वर्षं गेली. शर्वरीचं लग्न ठरलं. पोरगी म्हणाली, "काका आला नाही तर मी साखरपुड्याला पाटावर बसणार नाही." आई म्हणाली, "मेलेली माणसं साखरपुड्याला येत नाहीत." आणि पोरगी कुणाची? आईचीच! दोघी हट्टाला पेटलेल्या.

आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी — दिगंबर मेला! घाटात गाडी दरीत! हेमलताबाई ताटावरून उठल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी जाहीर केलं, "सुतक! दहा दिवस देवाला हात लावायचा नाही!"

अरविंदराव म्हणाले, "अगं, नट आहे तो! मघाशी जाहिरातीत तेल विकत होता!"

"रोज आपल्याबरोबर जेवायला असायचा तो! बोलवा गुरुजींना!"

दामलेगुरुजी आले. विचारतात, "गोत्र काय त्याचं?"

"लेखकाने सांगितलं नाही."

"मग सुतक नाही."

"नाही कसं? लेखक विसरला म्हणून माणूस बेवारशी होतो का?" बोला! गुरुजी उपरणं झटकून निघून गेले.

अरविंदरावांनी भीत भीत मुलाकडच्यांना फोन लावला. विहीणबाईंनी उचलला, आणि पलीकडून हुंदका! "आम्ही तुम्हालाच करणार होतो हो! आमच्याकडेही सुतक आहे!" — घ्या! सोयरीक कशी जुळली होती कळलं ना? साखरपुडा पुढे गेला.

दहाव्या दिवशी बाईंनी परसात कावळ्याला भात ठेवला. कावळा येतो, बघतो, जातो. शिवेना! "दिगंबरा, वैदेहीला मी अंतर देणार नाही!" शिवेना. "तिचं दुसरं लग्न होऊ देणार नाही!" शिवेना. "बरं बाबा, होऊ देईन!" — तरी शिवेना! का शिवेना, मंडळी? अहो, त्याच रात्री दिगंबर परत आला! ठणठणीत! कावळ्याला सकाळीच कळलं होतं!

बरं, नट वेगळा. जुना गेला दुसऱ्या वाहिनीवर. चेहरा निराळा, आवाज निराळा, उंचीसुद्धा कमी! का, तर म्हणे दरीत पडल्यावर शस्त्रक्रिया झाली. आणि आमच्या बाई काय म्हणतात? "मी चालीवरूनच ओळखला!" वर वाहिनीने मालिकेची वेळ बदलली — साडेसहा! ती देवाच्या दिव्याची वेळ. मग दिवा पुढे ढकलला. देव काय, वाहिनीला फोन करून तक्रार करत नाही!

पण पंचाईत अशी, की ज्याचे दिवस घातले तो जिवंत! पुन्हा गुरुजी. गुरुजी आता कंटाळलेले. म्हणाले, "शास्त्र असं, की असा माणूस नव्याने जन्मला असं धरायचं. बारसं करा त्याचं!"

बाईंनी केलं! शर्वरीचा पाळणा माळ्यावरून काढला, टीव्हीसमोर टांगला, फुलं लावली. घुगऱ्या शिजल्या. बायका नटून आल्या, विहीणबाई सुंठवडा घेऊन आल्या. साडेसहाला पाच कमी. आणि तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "पण पाळण्यात ठेवायचं कुणाला? टीव्ही तर भिंतीला ठोकलाय!"

तेव्हा अरविंदराव उठले. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस! चपलासुद्धा न घालता रस्ता ओलांडून गेले, आणि मुकुंदाला हाताला धरून घेऊन आले. पाळण्याखाली पाटावर बसवला. म्हणाले, "आधी ह्याचं बारसं कर. हाही ह्याच घरात मेला. टीव्हीतला दरीत पडून आला, त्याला तू पाळणा बांधलास. माझा भाऊ रोज दारावरून जातो, त्याला तू ओळखत नाहीस!"

मालिकेचं संगीत सुरू झालं. दिगंबर आला पडद्यावर. पण हेमलताबाई मुकुंदाकडेच बघत होत्या. केस पांढरे झालेले. सदऱ्याची गुंडी तुटलेली, तिथे टाचणी. बाई खाली बसल्या. त्याच्या कानाशी तोंड नेलं. आणि नाव घेतलं — "मुकुंदभाऊजी!"

आणि बायका! बारशात कानात नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायची सवय ना? घातले की दणादण! बाई धपाटे खातायत आणि ढसाढसा रडतायत. मुकुंद म्हणतो, "वहिनी, पुरे. मी आलोय ना." शर्वरी न सांगता काकाच्या शेजारी पाटावर जाऊन बसली. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "चला, साखरपुडा आत्ताच उरकू! फक्त जाहिराती लागू देत!"

हसलात? हसा. आता माझ्याकडे बघू नका. ‘तू मला मेलास’ असं कुणाला म्हणून बसलायत, तेवढं आठवा. भाऊ असेल, बहीण असेल, जाऊ असेल. पडद्यावरच्याला वाहिनी परत आणते, नट बदलून आणते. तुमचा भाऊ उद्या खरंच गेला, तर त्याच्या जागी कोण दुसरा आणून बसवणार? आज तो आहे. आज नुसत्या हाकेने येईल.

चला, आरतीला उभे राहा. कुणाला आधी फोन करायचा असेल तर ओसरीवर जाऊन करून या, लाजू नका. मी निरांजन लावून थांबतो.