तुरुंगाच्या वाटेवरचा विणकर

लून नदीच्या धक्क्यावर आम्ही नावेसाठी खोळंबलो होतो. माझ्यापुढे क्वेकर पंथाचा एक विणकर होता, खांद्यावर बोचकं टाकून. तो नावाड्याला म्हणाला,

“लवकर सोड रे दादा. अंधार पडायच्या आत लँकेस्टरच्या तुरुंगात पोचायचंय.”

“कोणाला भेटायला?”

“राहायला. शिक्षा झालीय मला.”

“मग शिपाई कुठाय?”

“त्याची बायको बाळंतपणात अडलीय. म्हटलं, तू घरी थांब, मी जातो.”

“थापा मारतोस होय! न्यायाधीश सोडेल असा?”

“त्यालाच विचारलं. म्हणाला, येतो म्हणालास ना, मग जा.”

“गुन्हा काय तुझा?”

“खरं बोलेन अशी शपथ घे म्हणाले. मी घेतली नाही.”

“का? खोटं बोलायचं होतं?”

“रोज खरंच बोलतो की. मग त्या दिवसापुरती शपथ कशाला?”

“थांब, थांब. शपथ घेत नाहीस म्हणून ज्याने तुरुंगात धाडलं, त्यानेच तुझ्या नुसत्या शब्दावर एकट्याला सोडलं?”

“हो.”

नावाडी रांगेकडे वळून ओरडला,

“सरका रे सगळे! यांना आधी बसू द्या. या, तुम्ही या. उशीर झाला तर लोक म्हणतील, पळाला.”

“तसं कोणी म्हणणार नाही रे. पण जेलर बिचारा माझ्यासाठी दार उघडं ठेवून बसला असेल.”