चौसष्टचा अर्थ

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात, कंपनीच्या उपाहारगृहात सूपच्या रांगेत मिलेना उभी होती. तिच्या पुढे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, लिहिणारा म्हातारा ओताकार आणि नवखी यित्का.

"ओताकार, ड्रायव्हर कर्सरचा, म्हणजे माउसच्या बाणाचा, आकार चौसष्ट पिक्सेल सांगतो. त्याहून मोठा चालतच नाही का?" मिलेनानं विचारलं.

"छे! चौसष्ट नक्की चालतो, एवढंच. मोठाही चालत असेल."

"बाकीचे प्रोग्रामर तीच मर्यादा धरून बसलेत. अधू नजरेच्या माणसानं मोठा बाण लावला की बाण अडखळतो. हे कुठेच लिहिलं कसं नाही?"

"लिहायचं कशाला? आम्हाला ठाऊक होतं."

"आम्हाला म्हणजे?" यित्कानं विचारलं.

"मला आणि माझ्यासोबत हे लिहिणाऱ्या लुमिरला."

"लुमिर तर मार्चमध्येच वारले," मिलेना म्हणाली.

रांग सरकली. ओताकार हलला नाही.

"ड्रायव्हरच्या माहितीत लिही आता," तो मिलेनाला म्हणाला. "'नक्की चालणारा आकार.' खाली सुचवणारा म्हणून लुमिरचं नाव घाल."

"नाव घातलं की त्यांना आपोआप मेल जाते. त्यांचा पत्ता बंद झालाय, ती परत येईल."

"येऊ दे. तेवढंच त्याच्याकडून काहीतरी येईल."